खाडीच्या चिखलातली खडी

उरण,
रविवार रात्र

प्रिय सुहास,

तुझं पत्र पोचलं. ‘चिखलात खडी ओतून गोदाम कसं उभं राहणार? सरळ पाइल का नाही मारत?’ हे तुझं विचारणं आठवडाभर डोक्यात आहे.

आईंची वाशीची सोसायटी आठव. इमारत पाइलवर, म्हणजे खोल कडक थरापर्यंत नेलेल्या काँक्रीटच्या खांबांवर, ती जागची हलली नाही. भोवतालची जमीन मात्र दबत गेली, पायरी खाली गेली, ड्रेनेजचा पाइप तुटला. गोदामात तर वजन फरशीभर पसरलेलं. नुसत्या खांबांखाली पाइल मारले तर फरशी कोण पेलणार? म्हणून इथे जमीनच सुधारून घेतोय.

व्हायब्रेटर, म्हणजे थरथरणारी लांब लोखंडी नळी, नऊ मीटर खाली, कडक थरापर्यंत न्यायचा. टोकाशी खडी सोडायची, थोडा वर घ्यायचा, पुन्हा खाली दाबायचा. चिखल बाजूला सरतो आणि खडीचा खांब तळापासून वर चढत येतो. पण तो एकट्याच्या बळावर उभा नसतो रे! वजन आलं की वरच्या अंगाला फुगू पाहतो, भोवतालचा चिखल त्याला आवळून धरतो. शिवाय चिखलातल्या पाण्याला खडीतून जवळची वाट मिळते, त्यामुळे जमीन पुढे वर्षानुवर्षं दबत राहायची ती बरीचशी आधीच दबून घेते. दबणं शून्य होत नाही. आमच्या हिशेबाने निम्म्यावर येतं.

गुरुवारी रात्री मात्र झोप उडाली. 900 मिमी व्यासाचा नऊ मीटर खांब म्हणजे दाबून बसलेली पावणेसहा घनमीटर खडी; सुटी मोजली तर सातच्या आसपास. 212 नंबरच्या खांबात पाचच गेली. म्हणजे कुठेतरी खांबाची मान बारीक राहिली. ‘अँपिअर बरोबर दाखवतोय, सोडून द्या साहेब,’ ऑपरेटर म्हणाला; व्हायब्रेटरच्या मोटरचा करंट वाढला की खडी घट्ट बसली असं धरतात. माझ्याच्याने सोडवेना. वरून सगळं सारखंच दिसतं, एकदा मुरूम पसरला की कोणाला कळणार? तिथेच पुन्हा व्हायब्रेटर उतरवला. पहाटे तीनपर्यंत आणखी दोन घनमीटर खडी आत गेली. मी लोडरचं एकेक बकेट मोजत उभा होतो.

दादाच्या द्रोणागिरीच्या प्लॉटचं विचारलंस. चिखल फारच पातळ असेल तर तो खडीला धरूच शकत नाही, तेव्हा शेजाऱ्याने केलं म्हणून ठेकेदाराला होकार देऊ नकोस. आधी मातीच्या तपासणीसाठी बोअर घ्यायला लाव. रिपोर्ट आला की मला पाठव, मी स्वतः बसून बघतो.

आईंना नमस्कार.

तुझा,
अविनाश