बोललेले एक, उमटले भलतेच

मनगटाच्या दुखण्यामुळे टंकलेखन बंद झाले, तेव्हापासून मी बोलून लिहितो; मी बोलतो आणि संगणक ते अक्षरांत उतरवतो. ही सोय नसती तर माझे लिहिणेच थांबले असते, म्हणून ही तक्रार कळकळीची आहे.

१९५२ मध्ये बेल लॅब्स या अमेरिकी संशोधन संस्थेच्या, बोललेले ओळखणाऱ्या 'ऑड्री' यंत्राला फक्त शून्य ते नऊ हे आकडे ओळखता येत. तिथून आपण फार पुढे आलो, हे खरेच. पण आजची प्रणालीही ऐकलेल्या आवाजाला सर्वांत संभाव्य शब्द जोडते; त्यामुळे आडनावे आणि कमी वापरातले शब्द हमखास बदलतात. 'शीर' म्हटले की 'शिर' उमटते. दोन्ही शब्द शुद्ध, त्यामुळे शुद्धलेखन तपासनीसही गप्प! चूक शोधायला प्रत्येक ओळ पुन्हा वाचावी लागते. आणि दुरुस्तीसाठी पुन्हा त्याच दुखऱ्या हाताने कळफलक.

सर्वांत जास्त त्रास होतो तो एकच नाव रोज सुधारावे लागते याचा. वापरकर्त्याने केलेली दुरुस्ती लक्षात ठेवणे आणि शंकास्पद शब्द वेगळ्या रंगात दाखवणे, एवढे तरी निर्मात्यांनी प्रत्येक भाषेत द्यावे.

– एक वाचक