मंत्रीमहोदय, तालीम संपल्यावर घरी जायचं कसं?

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यातल्या हौशी नाटकांत बायकांची पात्रं कमी का असतात, याची कारणं जाणकार अनेक सांगतात. लेखक बहुतेक पुरुष असतात, घरचे मुलींना पाठवत नाहीत, वगैरे. दोन्हींत तथ्य आहे. जालन्यात राहून नाटक लिहिणारी आणि बसवणारी बाई म्हणून मी त्यात एक कारण जोडते: शेवटची गाडी. तालीम साडेनऊला संपली तर बदनापूरच्या मुलीला घरी सोडायचं कोणी, हा प्रश्न पहिला प्रवेश लिहितानाच माझ्या डोक्यात असतो. मग नायकाची बहीण कापली जाते. शेजारीण फोनवरचा नुसता आवाज होऊन जाते. आणि पहिल्या पाच मिनिटांत कोणीतरी म्हणून टाकतं, ‘आई गावाला गेलीय.’ आमच्याकडच्या कितीतरी नाटकांतल्या आया अशा गावाला गेलेल्या आहेत. स्पर्धेतले परीक्षक शेरा मारतात, स्त्री-व्यक्तिरेखा अपुऱ्या वाटतात. वाटणारच. त्या बायकांना साडेआठची गाडी गाठायची होती.

दरवर्षी ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन येतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत केलेल्या प्रयोगाची आठवण निघते, नटराजाच्या मूर्तीला हार पडतो, भाषणं होतात. मराठवाड्याच्या मातीतल्या प्रतिभेचा उल्लेख त्यात हमखास असतो. प्रतिभेबद्दल आमची तक्रार नाही, ती पुरून उरेल एवढी आहे. आमचं घोडं अडतं ते संध्याकाळी सहा ते रात्री साडेदहा या वेळेपाशी. हे पत्र तेवढ्या वेळेबद्दल आहे. अनुदानाबद्दल दुसरं कोणीतरी लिहीलच.

मी छत्रपती संभाजीनगरात नोकरी करते आणि राहते जालन्यात. साठेक किलोमीटरचं अंतर. आमच्याकडे याला अपडाउन म्हणतात, आणि जालना-संभाजीनगर अपडाउन करणाऱ्यांची एक वेगळीच जमात आहे. कोर्टातले कारकून, बँकवाले, मास्तर, चिकलठाणा आणि शेंद्र्याच्या कंपन्यांतली पोरं. सकाळच्या गाडीच्या डब्यात भजनी मंडळ असतं, पत्ते असतात, संध्याकाळच्या भाजीची निवडटिपण असते. रेल्वेचा मार्ग अजून एकेरी, दुहेरीकरण मंजूर आहे म्हणतात. तोवर समोरून गाडी यायची असली की आमची गाडी करमाडला नाहीतर बदनापूरला क्रॉसिंगसाठी उभी. इतरांना त्या थांब्याचा वैताग येतो. मी मात्र तेवढ्यात एक प्रवेश पाठ करून घेते. आमच्या नाटकात वडिलांचं काम करणारे गृहस्थ त्याच डब्यात असतात. आम्ही दोघं समोरासमोर बसून बापलेकीचं भांडण हळू आवाजात म्हणतो. शेजारच्या बाकावरच्या एक आजी तालमी ऐकून ऐकून इतक्या तयार झाल्या की वडील अडखळले तर पुढचा शब्द त्याच पुरवतात. एकदा मी रागाचं वाक्य जरा जोरात म्हटलं, तर नव्याने चढलेला एक प्रवासी मध्ये पडला, “अहो, गाडीत कशाला भांडता, घरी गेल्यावर बोला ना!” डब्यात जो हशा पिकला, तेवढा आम्हाला प्रयोगातही मिळाला नाही.

गंमत सोडून बोलायचं, तर ही तालीम डब्यात होते कारण ती करायला दुसरी वेळ नाही. ऑफिस सुटून, गाडी पकडून जालन्यात उतरेपर्यंत सात-साडेसात. सगळे जमेपर्यंत आठ. आमचा एक नट सळईच्या कारखान्यात पाळीने काम करतो. दुसरी पाळी लागली की तो आठवडाभर तालमीतून गायब. एकजण मोटारसायकलवर संभाजीनगरहून येतो. समृद्धी महामार्ग झाला, ७०१ किलोमीटरचा, आमच्या दारावरून जातो, कौतुक आहे. पण त्यावर दुचाकीला बंदी आहे, म्हणून तो पोरगा डिसेंबरच्या रात्री जुन्या जालना रोडने ट्रकांच्या मधून जातो. जालन्यावरून वंदे भारतही जाऊ लागली, तिचंही कौतुक आहे. ती मुंबईला जाते. आम्हाला बदनापूरला जायचं असतं.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. मनापासून सांगते, आमच्या नाटकाला त्याचा फायदा झाला. भोकरदनकडच्या एका मुलीने त्या जोरावर घरी तालमीचा विषय काढला, कारण येण्याजाण्याचा खर्च निम्म्यावर आला होता. पण महोदय, जी गाडीच नाही तिचं अर्धं तिकीट कुठे फाडायचं? रात्री साडेआठ-नऊनंतर तालुक्याकडे जाणारी लालपरी नसते. काळीपिवळी भरल्याशिवाय हलत नाही, आणि रात्रीच्या काळीपिवळीत कोणता बाप मुलीला एकटी बसू देईल? मी तरी देणार नाही.

आता थंडीचं. साठी ओलांडलेल्या राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी आमच्याकडे येते ती नोव्हेंबर-डिसेंबरात. नेमके हेच दिवस तुरीचे, कापूस वेचणीचे आणि हुरड्याचे. दिवस लहान, सहाच्या आत अंधार. मुंबईत थंडी म्हणजे पंखा बंद करण्याची गोष्ट. परभणीत पारा एक आकड्यावर उतरतो, आणि आमच्याकडच्या तालमी पत्र्याच्या शेडमध्ये, समाजमंदिरात नाहीतर शाळेच्या उघड्या व्हरांड्यात चालतात. फरशी अशी गार की अनवाणी उभं राहवत नाही. म्हणून नट मोजे घालून हालचाली बसवतात आणि प्रयोगाच्या दिवशी अनवाणी पाय घसरतात कुठे, थांबतात कुठे, याचा मेळ लागत नाही. दूरच्या मुलांचा खोकला तर स्पर्धा संपेपर्यंत जात नाही. परीक्षकांना तो प्रायोगिक वाटू नये एवढीच आमची प्रार्थना असते.

शेती करणाऱ्या नटांची गोष्ट आणखी निराळी. जांब समर्थ हे आमच्याच जालना जिल्ह्यातलं गाव. तिथल्या राजकुमार तांगडे यांनी लिहिलेलं आणि नंदू माधव यांनी दिग्दर्शित केलेलं ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ २०१२ साली आलं आणि महाराष्ट्रभर गाजलं. त्यातले अनेक नट या भागातले, शेतीवाडीतले. तेव्हा सगळ्यांनी विचारलं, एवढी ताकदीची पोरं होती कुठे? शेतात होती. अजूनही तिथेच आहेत, आणि वेचणीच्या दिवसांत त्यांना संध्याकाळी सातच्या तालमीला बोलावणं म्हणजे दिवसभर वाकलेल्या माणसाला पुन्हा उभं राहायला सांगणं. तारखा आधी कळल्या तर ती पोरं पोळ्यापासून तालीम सुरू करतील आणि वेचणीच्या दिवसांत फक्त उजळणी उरेल. उशिरा कळल्या तर वेचणी आणि तालीम एकाच आठवड्यात येतात, आणि त्यात हरतं कोण हे सांगायला नको.

उरतो रविवार. आमचं निम्मं नाटक हिवाळ्यातल्या रविवारी माझ्या गच्चीवर बसतं. नऊच्या सुमारास ऊन भिंतीवरून खाली उतरतं, तेव्हा माणसं यायला लागतात. विटांचे तुकडे ठेवून दार, खिडकी, दिवाण आखायचे. एका कोपऱ्यात सासूबाई ओल्या तुरीच्या शेंगांचं पोतं ओतून बसतात. ज्याचा प्रवेश नाही त्याने शेंगा सोलायच्या, असा त्यांचा नियम. दुपारपर्यंत दोन प्रवेश आणि पातेलंभर सोले तयार. मग सोल्यांची आमटी आणि ज्वारीची भाकरी. सासूबाईंना नाटकातलं काही कळत नाही असं त्या स्वतः म्हणतात, पण परवा दुसऱ्या अंकाच्या शेवटी त्या म्हणाल्या, “पोरगी एवढं रडली, मग दार तिनंच उघडलं तर बरं, त्यानं कशाला?” आम्ही प्रवेश बदलला.

अर्थात हा रविवारही पूर्ण आमचा नसतो. नळाला पाणी अमुक दिवसांनी येतं, आणि ते नेमकं रविवारी येऊन ठेपलं की तालीम थांबते, नायकासकट सगळे बादल्या उचलतात. माझं माहेर लातूरकडचं. मार्गशीर्षातल्या अमावस्येला तिकडे येळवस असते, सगळं गाव शेतात जातं, कडब्याच्या कोपीत पूजा होते, भज्जी आणि आंबील असते. लातूर जिल्ह्यात त्या दिवशी सुट्टीसुद्धा असते. गेली काही वर्षं मी येळवसेला गेले नाही, कारण त्याच सुमारास स्पर्धा नाहीतर तिची तयारी असते. भाऊ फोनवर विचारतो, “तुझ्या नाटकाला उन्हाळा चालत नाही का?” हा प्रश्न मी तुमच्याकडे पाठवते. थंडीतले घरचे दिवस हे आमच्यासारख्यांना उगाच मिळणारे लाड नव्हेत. नाटक लिहिलं जातं ते तेव्हाच, घरच्या माणसांत बसून. ते दिवस स्पर्धेच्या धावपळीत गेले, तर पुढच्या वर्षीची संहिता कुठून येणार?

मुंबईला निघून जाणं हा मार्ग आहेच. ‘जिगीषा’ या नाट्यसंस्थेची मंडळी औरंगाबादेतून मुंबईला गेली. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी यांनी तिथे काय उभं केलं हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यांचा अभिमान आम्हाला कायम राहील. पण जो गेला त्याचा सत्कार आणि जो राहिला त्याला उपदेश, हा प्रकार आता पुरे. विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग संभाजीनगरात आहे, शिकून बाहेर पडणारी मुलं आहेत. त्यांतली सगळीच काही अंधेरीला खोली घेऊन राहू शकत नाहीत. कोणी परतूरला मास्तर होतो, कोणी घनसावंगीला दुकान सांभाळतो. नाटक मात्र सुटत नाही.

आता मागणं. नवं वातानुकूलित नाट्यगृह बांधून द्या असं मी म्हणणार नाही. त्याचं भूमिपूजन होईल, मग ते दुरुस्तीला जाईल, आणि आहेत ती सभागृहं डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या स्नेहसंमेलनांना दिलेली असतात. शाळांची पोरंही नाचली पाहिजेत, तिथे आमचं भांडण नाही. आम्हाला तालमीला खोली हवी. प्रत्येक तालुक्याच्या गावी एक सरकारी शाळा किंवा सभागृह संध्याकाळी सहा ते नऊ उघडं ठेवा. वीज, पंखा, आतून लागणारी कडी आणि पाणी असलेलं स्वच्छतागृह, बस. शेवटची गोष्ट नसल्यामुळे किती मुली तालमीला येणं सोडतात हे त्या तुम्हाला कधी सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते. किल्ली कोणाकडे राहील हे लेखी ठरवून द्या. आमची निम्मी शक्ती किल्लीवाल्याला शोधण्यात जाते.

प्राथमिक फेरीच्या तारखा, केंद्रं आणि कोणत्या संघाचा प्रयोग कधी, हे सगळं स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास एकदमच जाहीर झालं तर माझ्यासारखीला रजेचा अर्ज वेळेवर देता येईल आणि पाळीवाल्या नटाला पाळी बदलून घेता येईल. जे संघ केंद्राच्या गावाबाहेरून येतात, त्यांना शक्यतो रविवार किंवा दुपारची वेळ द्यावी. संभाजीनगर, परभणी, नांदेडच्या संघांनी रात्री सातला प्रयोग केला तर ते चालत घरी जातील. जिंतूरच्या संघाने सातला पडदा उघडला तर नेपथ्य उतरवून टेम्पोत भरेपर्यंत अकरा वाजतात, आणि त्या संघातली मुलगी टेम्पोतच घरी जाते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्पर्धेच्या रात्री केंद्राच्या गावाहून आसपासच्या तालुक्यांकडे साडेदहा-अकराची एक गाडी सोडा. वर्षभर मागत नाही, फेरी चालू असेल तेवढेच दिवस. ती रिकामी जाणार नाही. प्रेक्षकही त्याच गाडीने येतात-जातात, आणि आमचे प्रेक्षक दुसऱ्या अंकात उठतात ते नाटक रटाळ असतं म्हणून असं दरवेळी समजू नका. (काही वेळा तसंही असतं.) एसटी तुमच्या खात्यात येत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून या पत्राची एक प्रत परिवहनमंत्र्यांना पाठवत आहे. आपण दोघं एकाच मंत्रिमंडळाच्या बैठकीला बसता, तिथे पाच मिनिटं बोलून घ्यावं ही विनंती.

उत्तर पाठवायचं झालं तर कार्यालयीन वेळेत मी गाडीत किंवा ऑफिसात असते. रविवारी सकाळी नऊनंतर गच्चीवर भेटेन. आपला दौरा जालन्याला असेल तर जरूर या, पण शेंगा सोलाव्या लागतील, सासूबाई मंत्री-संत्री बघत नाहीत.

कळावे,
आपली नम्र,
जालन्याची एक अपडाउनवाली नाटकवाली

प्रत: मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य