‘रन’ म्हणजे केवळ धावणे नव्हे

माननीय संपादक महोदय,

इंग्रजीतील ‘रन’ म्हणजे धावणे, एवढेच मुलांकडून घोकून घेतले जाते आणि पुढे नाक वाहते, उमेदवार निवडणुकीला उभा राहतो, नाटकाचे प्रयोग चालू राहतात, अशा प्रत्येक ठिकाणी तोच शब्द भेटला की ती गोंधळून जातात. ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या सुधारित नोंदीत या एकाच क्रियापदाचे ६४५ अर्थ आहेत आणि कोशकार पीटर गिलिव्हर यांना त्या कामासाठी तब्बल नऊ महिने लागले. पूर्वी सर्वाधिक अर्थांचा हा मान ‘सेट’ या शब्दाकडे होता. यंत्रयुगाने यात मोठी भर घातली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. कारखाना, इंजिन आणि आता संगणकावरील प्रोग्रॅमही ‘रन’ होतो. पाठ्यपुस्तकांनी सुट्या अर्थांऐवजी अशी पूर्ण वाक्ये द्यावीत, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
एक वाचक