खाडा पडतो म्हणून दुखणं अंगावर काढलं जातं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वृद्ध निवासांमध्ये पसरणाऱ्या संसर्गाबद्दल आपल्या दैनिकात नुकतीच बातमी वाचली. ‘कर्मचाऱ्यांचा निष्काळजीपणा’ हे शब्द तिच्यात तीनदा आले आहेत. मी परिचारिका आहे. सतरा वर्षं रुग्णालयात काढली आणि गेली नऊ वर्षं वृद्धांच्या निवासी केंद्रात आहे. आमच्याकडे ४२ जण राहतात. त्यांतले १९ जण अंथरुणाला खिळलेले आहेत आणि सात-आठ जणांना स्मृतिभ्रंश आहे. निष्काळजीपणा मीही पाहिला आहे, त्याबद्दल बोललेही आहे. पण आमच्याकडे आलेली सगळ्यात वाईट साथ कशी आली ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पहाटे पावणेपाचला एका आजींना उलटी झाली. दुपारपर्यंत चौघांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या आणि दुसऱ्या रात्री आकडा अकरावर गेला. शिवाय तीन कर्मचारी पडले. तपासणीत नोरोव्हायरस निघाला. चादरी संपल्या, मग घरून जुन्या चादरी मागवल्या. एक काका अंगातलं पाणी कमी होऊन रुग्णालयात दाखल झाले. आठ दिवसांनी परत आले, पण त्यांचं चालणं मात्र परत आलं नाही. साथीआधी ते काठी टेकत रोज बागेपर्यंत जात.

तिसऱ्या दिवशी मी हजेरीपट आणि औषधांची वही घेऊन मागे मागे जात बसले. या विषाणूची लागण झाल्यापासून साधारण १२ ते ४८ तासांत त्रास सुरू होतो. तो हिशेब धरून मागे गेल्यावर मला आठवलं. साथ सुरू व्हायच्या आदल्या दिवशीच्या पाळीत आमच्या एक मावशी सारख्या संडासला जात होत्या. मी विचारलंही होतं, “बरं नाही का?” त्या म्हणाल्या, “काही नाही ताई, जरा पोट बिघडलंय.” मी त्यांना मीठ-साखरेच्या द्रावणाची पुडी दिली आणि पुढच्या खोलीत गेले. त्या दिवशी त्यांनी आठ जणांना भरवलं.

नंतर मी त्यांना विचारलं, “मावशी, घरी का गेला नाहीत?” त्या खाली बघत म्हणाल्या, “महिन्यात दोन खाडे आधीच झाले होते, ताई.”

हात धुवायचे असतात हे त्या मावशींना माहीत होतं आणि त्या धूतही होत्या. त्यांनी घरी जायला हवं होतं, आणि ते त्यांना परवडणारं नव्हतं. मीही त्यांना पाठवलं नाही, कारण त्या गेल्या असत्या तर १९ अंथरुणांना दोघीच उरल्या असत्या. याला निष्काळजीपणा म्हणायचं असेल, तर त्यात माझंही नाव घाला. पण मग त्या दिवसाचा पगार कोण देणार होतं आणि तिसरी बाई कुठून येणार होती, हेही त्याच बातमीत छापा.

साथ संपल्यावर आमच्याकडे चोवीस पानी मार्गदर्शक सूचना आल्या. मी त्या दोनदा वाचल्या. एकही वाक्य चुकीचं नव्हतं. उलट्या-जुलाब पूर्ण थांबल्यानंतर ४८ तास कर्मचाऱ्याने कामावर येऊ नये, असं त्यांत एका ओळीत लिहिलं होतं आणि ते अगदी बरोबर आहे. पण त्रासाचे दोन-तीन दिवस आणि वरचे दोन दिवस धरले, तर ती एक ओळ म्हणजे चार-पाच दिवसांचा पगार. त्याबद्दल चोवीस पानांत काही नव्हतं.

हे फक्त आमचंच दुखणं नाही. २०२० च्या फेब्रुवारीत अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या किर्कलँड इथल्या एका वृद्धसेवा केंद्रात कोरोना शिरला. मार्चच्या मध्यापर्यंत तिथले १०१ रहिवासी, ५० आरोग्य कर्मचारी आणि १६ भेटायला आलेली माणसं, असे १६७ जण बाधित झाले. तिथल्या आरोग्य यंत्रणेने शोध घेतला. त्यात लक्षणं असताना कामावर येणारे कर्मचारी, एकापेक्षा जास्त केंद्रांत काम करणारे कर्मचारी आणि संरक्षक साधनांचा तुटवडा ही कारणं पुढे आली. दोन ठिकाणी काम हौसेने कोणी करत नाही. एका ठिकाणच्या पगारात भागत नाही म्हणून सकाळी इथे आणि रात्री तिथे. आमच्याकडच्याही चौघी तसंच करतात.

इंग्लंडने त्याच वर्षी मे महिन्यात अशा केंद्रांसाठी ६० कोटी पौंडांचा संसर्ग नियंत्रण निधी काढला. विलगीकरणात असलेल्या कर्मचाऱ्यांना नेहमीचा पूर्ण पगार देता यावा आणि एका माणसाने एकाच केंद्रात काम करावं, हे त्यातले मुख्य खर्च होते. ज्या केंद्रांत आजारपणाचा पगार मिळतो तिथे रहिवाशांमधला संसर्ग कमी आढळला, हेही तिथल्याच पाहणीत दिसलं. मला त्याचं नवल वाटलं नाही. ज्या यंत्रणा केंद्रांना सूचना पाठवतात त्यांनी ही पाहणी वाचावी, एवढंच वाटलं.

आता शिकवण्याबद्दल. सूचना येतात त्या कागदावर येतात. आमच्या मावशींपैकी निम्म्या जणींना सलग वाचायची सवय नाही. एकदा ओळखीने एका मोठ्या रुग्णालयातली संसर्ग नियंत्रणाची परिचारिका तीन तासांसाठी आमच्याकडे आली. तिने कोणालाही भाषण दिलं नाही. सगळ्यांना हातमोजे घालायला लावले, त्यांवर मुलांचा निळा रंग चोळला आणि “आता डोळे मिटून मोजे काढा” असं सांगितलं. डोळे उघडले तेव्हा प्रत्येकीच्या मनगटावर निळं होतं. एकीच्या कानाजवळ होतं, कारण मधेच तिने केस मागे सारले होते. मोजे घातले म्हणजे हात धुवायची गरज नाही, हा आमच्याकडचा सगळ्यात जुना समज त्या दिवशी गेला. मी तोंडाने सहा वर्षं तेच सांगत होते.

तिनेच आमची बादलीही लावून दिली. ब्लिच ‘योग्य प्रमाणात’ वापरा, असं सूचनेत होतं. योग्य म्हणजे किती? आमच्याकडे कोणी एक झाकण टाकायचं, कोणी वास येईपर्यंत ओतायचं. बाटलीवर ५ टक्के लिहिलेलं असेल तर एक भाग ब्लिच आणि ४९ भाग पाणी घेतलं की ०.१ टक्क्याचं द्रावण होतं, ते कठडे, नळ, दारांच्या मुठी पुसायला चालतं. उलटी किंवा जुलाब पडला असेल तर आधी तो टाकाऊ कापडाने टिपून घ्यायचा, मग एक भाग ब्लिच आणि नऊ भाग पाणी असं कडक द्रावण दहा मिनिटं ठेवायचं. हा हिशेब रात्री दोन वाजता कोणी करत बसणार नाही. म्हणून तिने बादलीच्या आत पाच लिटरच्या खुणेवर नेलपॉलिशने लाल रेघ ओढली आणि १०० मिलिलिटरचं माप दोरीने कडीला बांधलं. रेघेपर्यंत पाणी, एक माप ब्लिच. रोज नवीन करायचं, कालचं ओतून द्यायचं. आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड त्याच बादलीत कधीही नाही, कारण त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जीवावर बेतू शकतो. ती रेघ आजही आहे. फिकट झाली की मावशी स्वतःच पुन्हा ओढतात.

सॅनिटायझरचंही सांगायला हवं. साथीच्या वेळी आमच्या प्रत्येक दाराशी बाटली होती आणि आम्हाला त्याचा अभिमान होता. पण नोरोव्हायरसवर अल्कोहोलचा भरवसा धरता येत नाही, तिथे साबण आणि वाहतं पाणीच लागतं. आमच्याकडे बेसिन होतं मार्गिकेच्या टोकाला. हात धुण्याने जीव वाचतात हे सेमेलवाइस या डॉक्टरांनी व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात १८४७ मध्ये दाखवून दिलं, त्याबद्दल आता वाद नाही. आमचा प्रश्न बेसिनचा आहे आणि वेळेचा आहे. साबणाने नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सकाळच्या पाळीत एका मावशीकडे दहा माणसं असतात. प्रत्येकाचं तोंड धुणं, डायपर बदलणं, कूस बदलणं, भरवणं धरून माणशी चारदा, कमीत कमी ४० सेकंद हात धुतले, तरी नुसत्या धुण्याला जवळपास २७ मिनिटं होतात. चालणं त्यात धरलेलं नाही. पाळीचं वेळापत्रक लावताना ती २७ मिनिटं कुठेच नसतात, मीही कधी धरली नव्हती. आता आम्ही दोन बेसिनं वाढवली आहेत आणि दहाऐवजी आठ माणसांची पाळी करायची धडपड चालू आहे. अजून जमलेलं नाही.

रुग्णालयासाठी लिहिलेल्या सूचना जशाच्या तशा आमच्याकडे पाठवतात, त्याचा फार त्रास होतो. रुग्णालयात माणूस चार दिवस असतो. आमच्याकडे हे त्याचं घर आहे. ‘बाधित व्यक्तीला स्वतंत्र खोलीत ठेवा’ हे वाक्य स्मृतिभ्रंश असलेल्या आजींना लागू करून बघा. त्या दर दहा मिनिटांनी उठून नवऱ्याला शोधायला निघतात. दार लावून घेणं म्हणजे त्यांना कोंडणं, आणि ते मी करणार नाही. त्या साथीत आम्ही एका मावशीला फक्त त्यांच्यासोबत ठेवलं. त्या चालल्या की ही चालायची, त्यांनी हात लावलेला कठडा मागोमाग पुसायची, दर थोड्या वेळाने त्यांचे हात साबणाने धुवायची. आजींना वाटायचं, कोणीतरी सोबत फिरायला आलंय. सहा दिवस हे चाललं. अशा वेळी एक जादा माणूस लागतो, आणि जादा माणूस कागदावर येत नाही.

खरजेच्या वेळीही असंच झालं. पहिल्यांदा लागण झाली तर खाज सुटायला चार ते सहा आठवडे जातात, म्हणजे आम्हाला कळेपर्यंत ती तीन खोल्यांत पोचलेली होती. एकाला मलम लावून भागत नाही. ज्यांचा ज्यांचा अंगाला अंग लागून संबंध आला, त्या सगळ्यांना, कर्मचाऱ्यांनाही आणि त्यांच्या घरच्यांनाही, एकाच दिवशी मानेपासून पायाच्या नखांपर्यंत लावावं लागतं, वृद्धांना तर डोक्यालाही, आणि सात दिवसांनी पुन्हा. एवढ्या मलमाच्या नळ्या केंद्राने कुठून आणायच्या? आम्ही दोन टप्प्यांत आणल्या, म्हणून दोन टप्प्यांत लावल्या, म्हणून खरूज परत आली. घरच्यांसाठी मलम देणं नियमात बसत नाही, असंही आम्हाला सांगितलं गेलं. किड्याला तो नियम माहीत नव्हता आणि मावशींची मुलं खाजवत राहिली.

एक गोष्ट मात्र आमच्या मावशींना कोणत्याही सूचनापत्रापेक्षा चांगली कळते. म्हातारपणी संसर्ग झाला तरी ताप येतोच असं नाही. माणूस एकदम गप्प होतो, असंबद्ध बोलू लागतो, जेवण टाकतो, पडतो. “काका आज मला नावाने हाक मारत नाहीत,” असं एक मावशी मला सकाळी सातला म्हणाल्या. थर्मामीटरमध्ये काही नव्हतं. दुपारी तपासणी केली तर लघवीतला संसर्ग रक्तात गेलेला निघाला. वेळेत दाखल केलं म्हणून ते वाचले. हे ओळखायला रोज तेच माणूस त्यांच्याजवळ असावं लागतं. दर तीन महिन्यांनी कर्मचारी सोडून जातात तिथे ही नजर तयार होत नाही.

आणखी एक. साथ कळवायची म्हटलं की केंद्रचालक घाबरतात. कळवलं की तपासणी येते, बातमी येते, नातेवाईक माणसं हलवतात. म्हणून दोन-तीन दिवस ‘बघू’ म्हणत जातात आणि आवर घालायचे तेच दिवस असतात. एकाच वेळी दोघांना सारखा त्रास झाला की फोन करता यावा, पलीकडे जाणतं माणूस असावं आणि दुसऱ्या दिवशी ते माणूस ब्लिच, मोजे आणि नमुन्याच्या डब्या घेऊन आमच्या दारात यावं. तपासणी हवी तर नंतर करा, आम्ही वह्या उघड्या ठेवू.

बातमीदार भगिनी किंवा बंधू आमच्याकडे यायला तयार असतील तर सकाळी सहाची पाळी बदलताना यावं. त्या वेळी रात्रीच्या मावशी दिवसाच्या मावशींना कोण कसं आहे ते सांगतात, ते ऐकावं.

दोन खाडे झाले म्हणून घरी न गेलेल्या त्या मावशी आजही आमच्याकडे आहेत. गेल्या महिन्यात त्यांचा पहाटे फोन आला, “ताई, पोट बिघडलंय. येऊ का नको?” मी म्हटलं, “येऊ नका.” पाच दिवस त्या घरी होत्या. त्यांची पाळी मी आणि आणखी दोघींनी वाटून घेतली आणि त्यांचा पगार आम्ही कर्मचाऱ्यांनी वर्गणी काढून भरला. आमच्याकडे कोणीही आजारी पडलं नाही. याच महिन्यात आणखी दोघींना खोकला-ताप आहे, आणि वर्गणीच्या डब्यात आता एका दिवसाचेही पैसे नाहीत.

आपली,
वृद्ध निवासात काम करणारी एक परिचारिका