म्हाताऱ्या कुत्र्याची रक्ततपासणी आवाक्यात आणा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आमचा सोन्या साडेअकरा वर्षांचा आहे. स्पिट्झ जातीचा, आपल्याकडं सगळे पॉमेरियन म्हणतात तो, वजन 12 किलो. मागच्या उन्हाळ्यात तो पाणी जास्त प्यायला लागला, आम्ही म्हणलं ऊन आहे पीत असेल. पाऊस सुरू झाला तरी तेच. रात्री तीन-तीनदा दार खरवडायचा, उठायला उशीर झाला की जिन्यातच शू करायचा आणि मग कोपऱ्यात जाऊन मान खाली घालून बसायचा. जन्मात कधी घरात घाण केली नाही त्यानं. भूक तर अशी लागायची की ओट्यावरचा कणकेचा गोळा ओढून खाल्ला एकदा. पोट माठासारखं सुटलं, पाय बारीक, आणि झोपलेला असला तरी धापा टाकायचा.

ओळखीचे सगळे म्हणाले वय झालंय. ज्यांच्याकडं आधी दाखवत होतो ते डॉक्टर पण तेच म्हणाले, आणि खाजेसाठी जे इंजेक्शन दर दोन-तीन महिन्यांनी देत होते ते पुन्हा दिलं. दुसऱ्या डॉक्टरांकडं गेलो तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला, याला स्टिरॉइड दिलंय का, कारण ते सारखं दिल्यानंपण हाच आजार होतो. (आणि असं चालू असेल तर एकदम बंद पण करायचं नसतं, डॉक्टरांना विचारूनच हळूहळू कमी करायचं, हे वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवा.) दुसरं त्यांनी सांगितलं, घरी जाऊन पाणी मोजा. मी लिटरच्या बाटलीनं मोजून भांड्यात घातलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला उरलेलं मोजलं. दिवसाला दोन लिटर! किलोमागं 100 मिलीच्या वर गेलं की काहीतरी गडबड आहे म्हणे, म्हणजे आमच्या सोन्याला 1200 मिलीपर्यंत ठीक.

आजाराचं नाव कुशिंग. मेंदूच्या तळाशी पियुषिका ग्रंथी असते तिथं बारीकशी गाठ येते आणि ती किडनीवरच्या ग्रंथींना सारखी हुकूम सोडत राहते की कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन बनवा, अजून बनवा. स्टिरॉइडमुळं झालेला नसेल तर 100 तल्या 80-85 कुत्र्यांना असाच होतो, बाकीच्यांना किडनीवरच्या ग्रंथीतच गाठ असते. सोनोग्राफीसाठी सोन्याचं पोट भादरलं तेव्हा चामडी कागदासारखी पातळ झालेली दिसली, आतल्या निळ्या शिरा मोजता येत होत्या, आणि नंतर चार महिने तिथं एक केस उगवला नाही. तो उघडा चौकोन रोज बघायचो आम्ही.

आता खर्चाचं लिहिते, पत्र त्याच्यासाठीच आहे. कॉर्टिसॉल कमी करणाऱ्या ट्रायलोस्टेन नावाच्या कॅप्सूल असतात, त्या जन्मभर द्याव्या लागतात, आजार बरा होत नाही फक्त ताब्यात राहतो. आमच्या गावात मिळत नाहीत, मागवाव्या लागतात. महिन्याचा खर्च आमच्या किराण्याच्या निम्म्याहून जास्त जातो. माझे मिस्टर रिटायर आहेत, मी घरी शिवणकाम करते, तरी तो खर्च आम्ही धरून चाललो. पण नुसतं औषध देऊन भागत नाही, कॉर्टिसॉल किती आहे ते बघायला रक्त तपासत राहावं लागतं, आणि हे आम्हाला आधी नीट कळलंच नव्हतं. सुरू केल्यावर 10 ते 14 दिवसांनी, मग महिन्यानं, मग तीन महिन्यांनी, आणि पुढं दर तीन महिन्यांनी. तपासणी पण साधी नाही. सकाळी खाण्याबरोबर कॅप्सूल द्यायची, त्यानंतर चार ते सहा तासांच्या आत दवाखान्यात पोचायचं, रक्त घ्यायचं, त्या ग्रंथींना चालना देणारं एक इंजेक्शन द्यायचं, तासभर थांबायचं, परत रक्त घ्यायचं. ते इंजेक्शन बाहेरून बर्फात मागवायचं आणि रक्त पुन्हा बर्फात लॅबला पाठवायचं. हे सगळं मिळून एका वेळचा खर्च महिन्याच्या औषधापेक्षा जास्त झाला.

म्हणून आम्ही पहिली तपासणी पुढं ढकलली. पाणी कमी झालेलं, भूक जरा आवरलेली, म्हणलं चांगलं चाललंय, पुढच्या महिन्यात पेन्शन आली की करू. चोविसाव्या दिवशी सोन्यानं खाणं सोडलं. जो कुत्रा कणीक ओढून खात होता त्यानं दूध-भाकरीकडं नुसतं बघून तोंड फिरवलं. संध्याकाळी दोन उलट्या, मागचे पाय थरथरायला लागले. डॉक्टर फोनवरच म्हणाले कॅप्सूल ताबडतोब बंद करा आणि घेऊन या. कॉर्टिसॉल फारच खाली गेलं होतं, रक्तातलं पोटॅशियम वाढलेलं. तीन दिवस सलाईन. मी तीन दिवस त्याचा पुढचा पाय हातात धरून बसले होते, सुई हलू नये म्हणून. वाचला. आता डोस कमी करून दिलाय. पण पैसे वाचवायला जी तपासणी टाळली तिच्या तिप्पट पैसे सलाईनला गेले, आणि जीव गेला असता ते वेगळंच. याचं मला आजही वाईट वाटतं.

माझ्यासारखे लोक इथंच चुकतात असं मला वाटतं. औषध कसंबसं आणतात आणि तपासणी सोडतात, मग औषध आंधळेपणानं चालू राहतं. तेव्हा तपासणी परवडत नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. काही डॉक्टर ते इंजेक्शन न देता, त्या दिवशीची कॅप्सूल द्यायच्या आधी एकदाच रक्त घेऊन त्यावर अंदाज घेतात, तुमच्या कुत्र्याला ते चालेल का हे तेच सांगू शकतील. आणि त्रासच फारसा नसेल तर लगेच औषध सुरू करायची गरज नसते, हेपण विचारून बघा. कॅप्सूल मात्र फोडून अर्धी करू नका, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिनं हात लावू नये.

विम्याची पण चौकशी केली. आधीपासून असलेला आजार धरत नाहीत आणि या वयाचा कुत्रा घेतच नाहीत असं उत्तर मिळालं.

आता माझं सरकारकडं मागणं. बहुतेक जिल्ह्यांना पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथं पशुवैद्यकीय कॉलेजं आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी फक्त ते इंजेक्शन ठेवायचं, ठरलेल्या वारी रक्त घ्यायचं, त्यातला पातळ भाग वेगळा करून थंड ठेवायचा आणि कॉलेजच्या लॅबला पाठवायचा, ठरलेल्या दरात. फुकट द्या म्हणत नाही मी. दुसरं, मार्च 2025 मध्ये केंद्रानं जनावरांच्या जेनेरिक औषधांसाठी पशु औषधी योजनेला मंजुरी दिली. गाई-म्हशींचा हक्क पहिला, ते बरोबरच आहे, शेतकऱ्याचं पोट त्यावर आहे. पण त्या यादीत कुत्र्या-मांजरांची जन्मभर लागणारी चार-दोन औषधं घ्यायला काय हरकत आहे?

कुत्र्यावर एवढा खर्च कशाला असं विचारणारे खूप भेटतात. धाकटा मुलगा बाहेरगावी गेल्यापासून घरात आम्ही दोघं आणि सोन्या. मिस्टरांच्या ऑपरेशननंतर तो महिनाभर त्यांच्या कॉटखाली झोपला. त्याला औषध द्यायचं की नाही हा प्रश्न आमच्या घरात कधी आलाच नाही, पैसे कुठून आणायचे एवढाच आला.

सध्या दिवसाला साधारण 700 मिली पाणी पितो. पोटावरच्या त्या चौकोनात पांढरी लव यायला लागली आहे. पुढची तपासणी येत्या महिन्यात आहे, त्याचे पैसे मी शिलाईच्या डब्यात वेगळे काढून ठेवलेत.

आपली नम्र,
एक वाचक, मिरज