रत्नागिरीच्या दोस्तास

अंबाझरी लेआउट, नागपूर

प्रिय दोस्ता,

परवा रात्री तुझा फोन मधेच तुटला. "निघतोय, बोलावणं आलं" एवढंच ऐकू आलं. सकाळी "परत आलो" हा तुझा निरोप वाचून दाखवला, तेव्हा कुठे आईने चहाचा कप तोंडाला लावला.

तू तटरक्षक दलात गेल्यापासून समुद्रातल्या सुटकेबद्दल मिळेल ते वाचतो. त्यातली एक हकिकत डोक्यातून जात नाही. १८ फेब्रुवारी १९५२. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यापुढे वादळात 'पेंडलटन' हे तेलवाहू जहाज दुभंगलं. जवळच्या चॅटम गावातून तिकडच्या तटरक्षक दलाचा बर्नार्ड वेबर तिघांना घेऊन ३६ फुटी लाकडी बोटीने निघाला. उथळ वाळूवर फुटणाऱ्या लाटांनी समोरची काच फोडली, होकायंत्र गेलं. तरी काळोखात त्यांनी जहाजाचा मागचा अर्धा भाग गाठला. वरून दोरीची शिडी सोडलेली, बोट लाटेसरशी वर-खाली. एकेक जण उतरत गेला. डझनभर माणसांच्या बोटीत ३२ जण दाटीवाटीने किनाऱ्याला लागले. तेहतिसावा मात्र हाती लागता लागता गेला. त्याचाच विचार जास्त येतो रे.

आई म्हणाली, एवढ्या लाटेत बोट उलटत नाही का? म्हटलं, उलटते, पण परत उठते. बुडाला शिसं भरलेली बाहुली असते ना, ढकलली तरी उठून बसते, तसंच. सगळं वजन तळाशी आणि वर हवाबंद जागा. तिकडच्या आताच्या ४७ फुटी बोटी तर दहा सेकंदांच्या आत सरळ होतात.

बोट म्हणजे काय हे आईला चांगलं ठाऊक आहे. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून पाणी घरात शिरलं, तेव्हा आपल्या गल्लीत रबरी बोट आली होती. आईच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेल्या बीपीच्या गोळ्या. छातीपर्यंत पाण्यात उभ्या त्या पोराने तिला उचलून बोटीत ठेवलं आणि लगेच मागे वळून हाक दिली, "आत अजून कोणी आहे का?" त्याचं नाव विचारायचं राहून गेलं. आई अजूनही त्याच्या नावाने नाही, तुझ्या नावाने दिवा लावते.

संत्रा बर्फी कुरिअर केली आहे, सगळ्यांना वाट. त्या रात्री कोण होतं, सापडलं का, ते सवडीने लिही. पण आई विचारते आहे, लाइफजॅकेटचे पट्टे नीट आवळतोस ना? ते आधी कळव.

तुझाच,
दोस्त