सरांच्या शोकसभेआधी

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या जुन्या कंपनीतले सर गेल्याचं तुझ्या मेसेजवरून कळलं. तिथली नोकरी सोडूनही शोकसभेत बोलायला तुलाच बोलावलं, यातच काय ते आलं. हाताने लिहिलेलं एक पान पुरे, तीन मिनिटं. लांबलं की पुढच्या रांगेतल्या घरच्यांनाच जड जातं. ‘कुशल प्रशासक, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व’ सूत्रसंचालक म्हणणारच आहे. तू ते ड्रॉइंगचं सांग. नव्या मुलाने जुनं ड्रॉइंग व्हेंडरकडे धाडलं, सगळा लॉट भंगारात गेला, आणि मीटिंगमध्ये सर एवढंच म्हणाले, “तपासून सही मी केली होती.” त्या मुलाचं नाव घेऊ नकोस, तो समोर बसलेला असेल. आजारपणात शिरू नकोस. ‘त्यांनी मला घडवलं’ हे एका वाक्यात आटप, नाहीतर अशा भाषणात वक्ता बघता बघता स्वतःवरच येतो.

घरी मात्र तेरावं झाल्यावर जा. तोवर माणसांची रीघ असते, कागदांकडे कोणी बघत नाही. निघताना ‘येते’ म्हणायचं नाही, ते लक्षात आहे ना?

सर नोकरीत असताना गेले, म्हणून काकूंना प्रॉव्हिडंट फंडाची शिल्लक, विधवा पेन्शन आणि ईडीएलआयचा, म्हणजे फंडाशी जोडलेला आयुर्विमा, असं तिन्ही मिळायला हवं. मृत्यूच्या दाव्याचा एकत्रित फॉर्म या तिन्हींना चालतो. त्यावर कंपनीची सही-शिक्का लागतो. विम्याबद्दल स्वतःहून विचार. त्याचा हप्ता कंपनी भरते, पगारातून काही कापलं जात नाही, त्यामुळे तो स्लिपवर दिसत नाही आणि पुष्कळ घरांना तो आहे हेच माहीत नसतं. कमाल रक्कम ७ लाख. काही कंपन्या त्याऐवजी स्वतःचा गटविमा घेतात, ते एचआर सांगेल. पेन्शन २५ वर्षांखालच्या दोन मुलांनाही असते, विधवा पेन्शनच्या २५ टक्के प्रत्येकी. तेव्हा धाकट्याचा जन्मदाखला आणि बँक खातं फॉर्मबरोबरच जाऊ दे.

ग्रॅच्युइटीचा अर्ज वेगळा, तो कंपनीकडे. साधारणपणे शेवटचा बेसिक आणि डीए (महागाई भत्ता), भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. आकडा काकूंना कागदावर मांडून दाखव, म्हणजे चेक आल्यावर त्यांना ताळा घेता येईल.

अडतं ते नावापाशी. फंडात एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, मृत्यूच्या दाखल्यावर तिसरं, की दावा परत आलाच. दाखला हातात पडताच तपासा. चूक असेल तर जिथे नोंद झाली त्याच कार्यालयात दुरुस्त होते. मूळ प्रती आठ-दहा काढा, बँक आणि विमावाले झेरॉक्सवर भागवत नाहीत. नॉमिनेशनमध्ये लग्नाआधीचं भावाचं नाव निघालं तर काकूंना घाबरू देऊ नकोस. लग्न झालं की फंडाच्या नियमाने ते रद्दच धरतात. पैसे संयुक्त खात्यावर मागू नका, काकूंच्या एकटीच्या नावाचं खातं द्या आणि रद्द केलेला चेक जोडा.

फॉर्म भरला की फोटो काढून मला पाठव, सह्या व्हायच्या आधी. नावं मी ताडून बघते.

तुझी,
आई